बाहुलीला रिकाम्या कपातून पाजणारी मुलगी भाषा कशी शिकते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, साठ-सत्तर शब्द बोलते, अधूनमधून दोन शब्द जोडते आणि दिवसातला बराच वेळ बाहुलीला भरवणे, तिला निजवणे, ठोकळा कानाला लावून फोनवर बोलणे यांत घालवते. हा वेळ रंग, आकार आणि प्राण्यांची नावे शिकवण्यासाठी वापरावा का, अशा लुटुपुटूच्या खेळाने भाषा खरोखर वाढते का, कोणती खेळणी आणावीत आणि मोठ्यांनी त्या खेळात किती शिरावे, असे तुम्ही विचारले आहे. लहान मुलांच्या वाचा आणि भाषाविकासावर काम करणारी स्पीच थेरपिस्ट म्हणून माझे उत्तर असे की, हा खेळ थांबवून तिला शिकवायला बसवू नका; मात्र खेळ चालू असताना तिच्याशी कसे बोलता याकडे बारकाईने लक्ष द्या. भाषेला होणारा लाभ मुख्यतः खेळण्याभोवती जे बोलणे घडते त्यातून होतो, आणि ते बोलणे कसे असावे हे थोडे समजून घेतले तर घरच्या घरी पुष्कळ काही करता येते.

रिकामा कप बाहुलीच्या तोंडाला लावताना मुलीच्या मनात काय घडते, ते आधी पाहू. कपात काहीही नाही हे तिला ठाऊक असते. तरीही ती कप तिरका धरते, तोंडाने घोट घेतल्याचा आवाज करते आणि तुमच्याकडे बघून हसते. समोर असलेल्या वस्तूच्या आधाराने ती समोर नसलेल्या गोष्टीविषयी काहीतरी करत असते, आणि ते खरे नाही याची जाणीवही तिने सोडलेली नसते. शब्दाचे कामही याच जातीचे आहे. तोंडातून निघालेला ‘दूध’ हा आवाज स्वतः दूध नसतो. तो दुधाच्या जागी उभा राहतो आणि ऐकणाऱ्याला दूध कळते. एका गोष्टीच्या जागी दुसरी वापरण्याची ही क्षमता स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मध्यवर्ती मानली. स्वतःच्या तीन मुलांच्या बारकाईने केलेल्या नोंदींच्या आधारे 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की, साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान लुटुपुटूचा खेळ, आधी पाहिलेल्या कृतीची काही वेळाने केलेली नक्कल आणि भाषा ही सर्व एकाच क्षमतेची रूपे म्हणून दिसू लागतात.

माझ्या कामात मला सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगॉट्स्की यांचे म्हणणे अधिक उपयोगी पडते. लेनिनग्राड येथे 1933 मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचे उदाहरण घेतले. अगदी लहान वयात मुलाला वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करता येत नाहीत; वस्तू जे सुचवते तेच ते करते. काठीवर टांग टाकून ‘घोडा’ म्हणताना ते घोडा हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवून घेते, पण तो नुसता हवेत धरणे अजून जमत नसल्याने हातातल्या काठीचा आधार घेते. पुढे केव्हातरी काठीचीही गरज उरत नाही आणि अर्थ शब्दांवरच पेलला जातो. खेळण्याची भूमिका या मधल्या टप्प्यावरची आहे, आणि म्हणूनच खेळणे किती हुबेहूब किंवा किती महाग आहे यापेक्षा त्याच्या आधाराने मुलाला किती दूरच्या गोष्टीविषयी बोलता येते हे महत्त्वाचे ठरते.

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर येथेच आहे. लाल ठोकळा उचलून ‘हा कोणता रंग?’ असे विचारले, तर उत्तर समोर दिसत असते आणि ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. मुलीने ‘लाल’ म्हटले काय आणि नुसते बोट दाखवले काय, संवादात फारसा फरक पडत नाही. तोच ठोकळा कानाला लावून ती ‘आजी’ म्हणते, तेव्हा ठोकळ्याकडे पाहून कोणालाही आजी दिसणार नसते. ते फक्त तिच्या शब्दावरून कळते. खेळात खऱ्या वस्तू जितक्या कमी आणि कल्पना जितकी जास्त, तितके शब्दांना काम जास्त. समोर नसलेल्या, घडून गेलेल्या किंवा अजून न घडलेल्या गोष्टींविषयी निव्वळ शब्दांनी बोलता येणे हे पुढे गोष्ट सांगण्यासाठी, वर्गात शिक्षकांचे बोलणे समजण्यासाठी आणि वाचलेले कळण्यासाठी लागते. रंगांची नावे मुलांना यथावकाश येतातच, आणि ती अचूक वापरता येणे पुष्कळ मुलांना तिसऱ्या वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतरच जमते. सव्वादोन वर्षांच्या वयात त्यांचा आग्रह धरण्याची मला गरज वाटत नाही. या वयात नामांपेक्षा क्रियापदांकडे अधिक लक्ष द्यावे असा माझा नेहमीचा सल्ला असतो, कारण वाक्य क्रियापदाभोवती उभे राहते आणि खेळ हा मुळातच कृतींचा असतो.

खेळ आणि भाषा यांचे टप्पे किती जवळून चालतात, हे अनेक संशोधकांनी नोंदवले आहे. लॉरेन मॅक्यून यांनी 1970 च्या दशकापासून या संबंधावर जे काम केले, त्यातली मांडणी मला प्रत्यक्ष तपासणीत फार उपयोगी वाटते. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मूल कंगवा डोक्याला लावते, पण तो वस्तूचा उपयोग ओळखल्याचा पुरावा असतो, त्यात कल्पना असतेच असे नाही. त्यानंतरच्या महिन्यांत ते स्वतः झोपल्याचे किंवा प्यायल्याचे सोंग करते. खेळ अजून स्वतःपुरता असतो आणि याच सुमारास पहिले सुटे शब्द येतात. दीड वर्षाच्या आगेमागे मूल बाहुलीला किंवा मोठ्या माणसाला पाजू लागते. हा बदल दिसायला लहान असला तरी भाषेच्या दृष्टीने फार मोठा आहे, कारण आता कृती करणारा एक आणि जिच्यासाठी कृती करायची ती दुसरी, असे दोन सहभागी तयार होतात. पुढे दोन कृती एकामागून एक येतात, म्हणजे बाहुलीला पाजून मग तिला निजवले जाते, आणि बहुतेक मुलांच्या बोलण्यात दोन शब्द जोडले जाण्याचा काळही हाच असतो. सर्वांत शेवटी ठरवून केलेला खेळ येतो: बाहुलीला आंघोळ घालायची म्हणून मूल आधी टॉवेल शोधते, ‘पाणी गरम आहे’ असे सांगते आणि मग सुरुवात करते. येथे मनात आखलेला बेत असतो आणि त्याबरोबर शब्दांची रचनाही गुंतागुंतीची होऊ लागते.

मराठी बोलणाऱ्या घरात बाहुली या टप्प्यावर एक विशेष काम करते. ‘बाळ’, ‘बाळाला’, ‘बाळाने’, ‘बाळाचा’, ‘कपात’, ‘कपातून’, ‘उशीवर’, ‘उशीखाली’ अशी शब्दांची रूपे बदलत राहतात आणि तो बदल कशासाठी हे मुलाला पाठांतराने कळत नाही. एकच बाहुली कधी पिते, कधी तिला पाजले जाते, कधी तिचा कप सांडतो आणि कधी ती स्वतः कप सांडते, असे अनेक प्रसंग खेळात थोड्या वेळात आणि पुनःपुन्हा घडतात. कोणी काय केले, कोणाला केले आणि कुठे केले यांतले फरक समोर घडत असताना प्रत्यय कानावर पडतात, आणि त्यांचा अर्थ लागण्यासाठी याहून सोयीची जागा सापडणे अवघड आहे. रोजच्या जगण्यातही हे सारे घडते, परंतु तेथे घाई असते. खेळात एकच प्रसंग मुलाच्या इच्छेनुसार कितीही वेळा घडवता येतो.

आता ठोकळ्याचा फोन करण्याविषयी. दोन वर्षांच्या आतबाहेरची मुले ज्या वस्तू खऱ्यासारख्या दिसतात त्यांच्याशी अधिक सहज खेळतात. आकाराने जवळची वस्तू चालवून घेणे आधी जमते, आणि जिचे मूळ वस्तूशी काहीच साम्य नाही, किंवा जिचा स्वतःचा दुसराच पक्का उपयोग आहे, अशी वस्तू चालवून घेणे नंतर, सामान्यतः तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमू लागते. त्याच्याही पुढे वस्तूच नको होते आणि रिकामी मूठ कानाला लावून काम भागते. तुमची मुलगी ठोकळ्याचा फोन करते ही चांगली खूण आहे. खेळण्यातली लहानशी खुर्ची ही खऱ्या खुर्चीची प्रतिकृती आहे हे आपल्याला इतके उघड वाटते की मुलालाही ते आपोआप दिसत असेल असे आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत एक लहान खेळणे लपवताना मुलांना दाखवले आणि मोठ्या खोलीत त्याच जागी लपवलेले मोठे खेळणे शोधायला सांगितले. तीन वर्षांच्या मुलांना ते बहुतेक वेळा सापडले, तर अडीच वर्षांच्या मुलांना सहसा सापडले नाही, जरी लहान खेळणे कुठे लपवले होते हे त्यांना नीट आठवत होते. एकच वस्तू स्वतःही आहे आणि दुसऱ्या कशाची खूणही आहे, हे एकाच वेळी मनात धरणे लहान मुलासाठी खरे कष्टाचे असते. हे ध्यानात घेतले की ‘एवढे साधे तिला कसे कळत नाही’ असे वाटणे थांबते.

तीन वर्षांनंतर खेळात भूमिका येतात आणि भाषेची झेप दिसू लागते. दोन मुले खेळत असतील तर खेळण्याआधी आणि खेळता खेळता त्यांना खेळाविषयी बोलावे लागते: ‘मी डॉक्टर व्हायचं आणि तू आजारी पडायचं’, ‘हे औषध नाही, हे पाणी आहे असं समजायचं’, ‘थांब, अजून तू बरा झाला नाहीस’. असे बोलताना मूल खेळाच्या बाहेर उभे राहून खेळाची मांडणी करत असते आणि लगेच आत शिरून वेगळ्या आवाजात डॉक्टर म्हणून बोलत असते. ‘हा खेळ आहे’ हे एकमेकांना कळवत राहण्याच्या या व्यवहाराकडे मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन यांनी 1955 मध्ये लक्ष वेधले होते. डॉक्टर झालेली मुलगी एरवी ज्या भावाला ‘तू’ म्हणते त्याला ‘तुम्ही इथे बसा’ असे म्हणते. बाबा झालेली मुलगी ‘मी ऑफिसला चालले’ऐवजी ‘मी ऑफिसला चाललो’ असे म्हणते आणि मैत्रिणीने चूक केली तर तिला दुरुस्तही करते. स्वतःच्या नेहमीच्या बोलण्यात ज्या रूपांची तिला कधी गरज पडत नाही ती रूपे भूमिकेमुळे तिच्या तोंडी येतात. हे कोणी शिकवलेले नसते. मोठ्यांचे बोलणे तिने किती बारकाईने ऐकले आहे, ते अशा वेळी कळते, आणि तपासणीच्या टेबलावर न दिसलेली भाषा खेळात ऐकायला मिळते असा माझा अनुभव आहे.

आता तुमचा थेट प्रश्न: खेळामुळे भाषा वाढते, की भाषा चांगली असलेली मुले चांगले खेळतात? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे, कारण खेळणी विकणाऱ्या जाहिराती ते देत नाहीत. दोहोंत संबंध आहे याविषयी शंका नाही. साराह क्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा प्रतीकात्मक खेळ, म्हणजेच लुटुपुटूचा खेळ, आणि भाषा यांच्यातला सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती बरोबरीने वाढतात याचे माप, सुमारे 0.35 निघाला, म्हणजे मध्यम स्वरूपाचा आणि सातत्याने दिसणारा. परंतु सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लुटुपुटूच्या खेळाच्या फायद्यांविषयीच्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला आणि या खेळामुळेच विकास घडतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा बहुतेक बाबतीत नाही असा निष्कर्ष काढला. भाषेच्या बाबतीत खेळ हे कारण असू शकते, किंवा खेळाबरोबर येणारी दुसरी एखादी गोष्ट, उदाहरणार्थ मोठ्यांचे बोलणे, खरे काम करत असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने, ऑटिझम असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर कॉनी कसारी यांच्या गटाने जे काम केले त्यात काही आठवडे रोज प्रतीकात्मक खेळावर किंवा संयुक्त लक्षावर, म्हणजे एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून पाहण्यावर, भर दिला गेला. एक वर्षानंतर या दोन्ही गटांतल्या मुलांची बोलण्याची भाषा तुलनेसाठी घेतलेल्या गटापेक्षा अधिक वाढलेली दिसली, असे 2008 च्या त्यांच्या अहवालात आहे.

हे सर्व एकत्र ठेवले तर माझे मत असे बनते: मुलाला एका खोलीत खेळण्यांसह सोडून दिल्याने भाषा वाढेल अशी अपेक्षा धरू नये, आणि खेळ काढून घेऊन शब्द पाठ करून घेतल्याने वाढेल अशीही धरू नये. मूल ज्या कल्पनेत रमले आहे त्याच कल्पनेविषयी दुसऱ्या माणसाने त्याच क्षणी बोलणे हा लाभदायक भाग आहे. शब्द ऐकताना मुलाचे लक्ष आधीच त्या अर्थावर असते, त्यामुळे शब्द आणि अर्थ यांची गाठ पडायला वेळ लागत नाही. एकट्याने खेळण्याचे मोलही कमी नाही, आणि प्रत्येक खेळात मोठ्यांनी बसावे असे मी मुळीच सुचवत नाही. दिवसातून एक-दोनदा, दहा-पंधरा मिनिटे, फोन बाजूला ठेवून पूर्ण लक्ष देऊन केलेली साथ पुरेशी आहे.

ही साथ कशी करावी, हे सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त फरक येथेच पडतो. जमिनीवर तिच्या समोर बसा, म्हणजे तिला तुमचा चेहरा दिसेल. पहिले मिनिटभर काहीही बोलू नका; ती काय करते आहे ते पाहा आणि तिचा खेळ कोणत्या कल्पनेवर चालला आहे ते ओळखा. बाहुली झोपली आहे की आजारी आहे, हे चुकीचे धरले तर तुमचे पुढचे सगळे बोलणे तिच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरते. मग ती जे करते त्याला छोट्या वाक्यांत शब्द द्या: ‘बाळाला झोप आली. तू बाळाला पांघरूण घातलंस.’ तिच्या वाक्यापेक्षा तुमचे वाक्य थोडेसेच मोठे असावे. ती ‘बाळ दूध’ म्हणाली तर ‘असं नाही म्हणायचं’ असे न सांगता ‘हो, बाळाला दूध हवंय’ असे म्हणा. तिचा अर्थ तोच राहतो आणि त्याचे पूर्ण रूप तिच्या कानावर पडते. त्यानंतर तिने ते पुन्हा म्हणून दाखवावे असा आग्रह धरू नका. आमच्या कामात याला तिच्या वाक्याचा विस्तार करणे म्हणतात आणि भाषेला चालना देणाऱ्या साध्या उपायांत त्याचा क्रम फार वरचा आहे.

त्यानंतर थांबा. बोलून झाल्यावर मनात पाच-सहा अंक मोजेपर्यंत तिच्याकडे अपेक्षेने पाहत राहा. बहुतेक पालकांना ही शांतता सहन होत नाही आणि ते दुसरा प्रश्न टाकतात; मुलाची उत्तर जुळवण्याची खटपट मात्र तेवढ्यात अर्धवट राहते. प्रश्न विचारायचेच असतील तर ज्यांचे उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही असे विचारा. ‘बाळ का रडतंय?’ हा प्रश्न त्या जातीचा आहे, कारण बाळ का रडते हे ठरवण्याचा अधिकार फक्त तिचा आहे. ‘बाळाचे डोळे कुठे आहेत?’ हा प्रश्न परीक्षेचा आहे. परीक्षेचे प्रश्न एकामागून एक येऊ लागले की मुले खेळ सोडून उठतात किंवा उत्तरे देऊन गप्प बसतात, असे मी वारंवार पाहते.

खेळ त्याच त्या फेऱ्यात अडकला असेल, तर कल्पनेच्या आत राहून एक छोटीशी अडचण आणा. कप पालथा पडू द्या आणि ‘अरे, दूध सांडलं! आता काय करायचं?’ असे म्हणा. बाहुलीला ठेच लागू द्या. फोनवर पलीकडच्या माणसाला ऐकू येत नाही असे करा, म्हणजे तिला पुन्हा आणि अधिक स्पष्ट सांगावे लागेल. अडचणीमुळे ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तर’, ‘नंतर’ असे जोडणारे शब्द आणि ‘घाबरलं’, ‘हवंय’, ‘नकोय’, ‘विसरलं’, ‘वाटलं’ असे मनाच्या अवस्था सांगणारे शब्द वापरण्याची संधी निर्माण होते. मनाविषयीचे हे शब्द बोटाने दाखवता येत नाहीत, म्हणून चित्रांच्या कार्डांवरून ते शिकवणे फार अवघड जाते. बाहुलीच्या रडण्याला मात्र ते अगदी सहज चिकटतात. एका वेळी एकच अडचण आणा, आणि तिने ती नाकारली तर लगेच सोडून द्या. खेळाची सूत्रे तिच्या हाती राहिली पाहिजेत. सारा स्मिलान्स्की यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्या मुलांचा सामाजिक नाट्यखेळ, म्हणजे इतरांबरोबर भूमिका घेऊन खेळणे, तोकडा होता त्यांना मोठ्यांनी मदत केल्यावर खेळ आणि खेळातले बोलणे समृद्ध झाल्याचे दाखवले होते. ही मदत कधी बाहेरून सुचवून, तर कधी स्वतः एखादी भूमिका घेऊन केली गेली होती. लहान वयात भूमिका घेऊन केलेली मदत मला अधिक परिणामकारक वाटते, कारण तिच्यामुळे खेळ तुटत नाही.

खेळण्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर, कमी आणि साधी खेळणी घ्यावीत. एक बाहुली किंवा मऊ प्राणी, कप-चमचा-ताटली असा छोटा भातुकलीचा संच, एक-दोन गाड्या, काही ठोकळे, डॉक्टरची पेटी, आणि त्यांच्या सोबतीला घरातलेच कापडाचे तुकडे आणि रिकामे खोके एवढ्यावर दोन-तीन वर्षे भाषेसाठी लागणारा सर्व खेळ होतो. मुलगा असो वा मुलगी, बाहुली आणि गाडी दोन्ही द्यावीत, कारण बाहुलीभोवतीचे शब्द आणि गाडीभोवतीचे शब्द वेगळे असतात आणि दोन्ही लागतात. अमेरिकेतील 2018 च्या एका प्रयोगात 18 ते 30 महिन्यांच्या 36 मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली, तेव्हा 4 खेळणी असताना मुले एका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक प्रकारांनी खेळली. म्हणून घरात खेळणी बरीच असली तर थोडी बाहेर ठेवावीत, बाकीची आत ठेवून काही दिवसांनी अदलाबदल करावी.

बटण दाबताच बोलणारी, गाणारी आणि दिवे लावणारी खेळणी मी सहसा सुचवत नाही. ॲना सोसा यांनी 2016 मध्ये 10 ते 16 महिन्यांच्या बाळांच्या आणि पालकांच्या 26 जोड्यांचे घरातले खेळणे ध्वनिमुद्रित केले, त्यात इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना पालक कमी शब्द बोलले आणि पालक-बाळ यांच्यातली देवाणघेवाणही कमी झाली. साधी खेळणी आणि त्याहूनही चित्रपुस्तके असताना बोलणे अधिक होते. खेळणे बोलू लागले की माणसे गप्प होतात, आणि खेळणे मुलाच्या शब्दाला उत्तर देऊ शकत नाही. मागे चालू असलेल्या टीव्हीचेही तसेच आहे. एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या 2008 च्या अभ्यासात मोठ्यांचा कार्यक्रम मागे चालू असताना मुले टीव्हीकडे क्वचितच पाहत होती, तरी त्यांच्या खेळाचा एकेक सलग तुकडा आखूड झाला. खेळाच्या वेळी टीव्ही बंद ठेवणे हा अगदी विनाखर्च उपाय आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती तोंडात मावतील असे सुटे भाग आणि बटणासारख्या बॅटऱ्या कधीही पडू नयेत, एवढे सुरक्षिततेबाबत आवर्जून सांगते.

घरात दोन भाषा असतील तर ज्या माणसाला जी भाषा सहज येते त्याने त्याच भाषेत खेळावे. परक्या भाषेत अडखळत खेळणारा मोठा माणूस छोटी, तुटक वाक्ये बोलतो आणि कल्पना फुलवू शकत नाही, आणि मुलाला त्या भाषेचेही काही मोठे भले होत नाही.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, परंतु तो मला महत्त्वाचा वाटतो. मूल उशिरा बोलते म्हणून पालक येतात, तेव्हा मी शब्द मोजण्याआधी त्याचा खेळ पाहते. मरियान लो आणि अँथनी कॉस्टेलो यांनी 1976 मध्ये तयार केलेली प्रतीकात्मक खेळाची चाचणी याच विचारावर बेतलेली आहे: मुलापुढे छोटी खेळणी ठेवायची, त्याने काही बोलण्याची अपेक्षा धरायची नाही आणि ते त्यांचे काय करते ते पाहायचे. ज्याचा कल्पनेचा खेळ वयानुसार आहे, ज्याला सांगितलेले समजते आणि जे हातवारे करून आपले म्हणणे पोचवते, पण शब्द कमी आहेत, अशा मुलाबाबत मी तुलनेने निश्चिंत असते आणि पालकांना वरीलप्रमाणे घरी काम सांगून ठरावीक अंतराने पुन्हा पाहते. खेळ आणि शब्द दोन्ही मागे असतील तर मात्र वाट पाहू नये. दीड वर्ष उलटूनही मूल काहीही सोंग करत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, आवडलेली वस्तू तुम्हाला दाखवण्यासाठी बोट करत नसेल, किंवा दोन वर्षांनंतरही गाडीची चाके फिरवणे आणि गाड्या ओळीत लावणे याखेरीज दुसरा खेळच नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्यावी. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम-चॅट-आर’ या ऑटिझमची शक्यता तपासणाऱ्या 20 प्रश्नांच्या प्राथमिक चाचणीतही एक प्रश्न लुटुपुटूच्या खेळाविषयी आहे. त्या एका प्रश्नावरून कोणतेही निदान होत नाही, पण पुढे तपासायला हवे का हे ठरवायला मदत होते. बोलण्याविषयी काहीही शंका असली तर श्रवणचाचणी सर्वांत आधी करावी, कारण कमी ऐकू येणारी मुले पाहून पाहून इतके सुरेख खेळतात की घरातल्या कोणाला संशयही येत नाही.

तुमच्या मुलीच्या वर्णनावरून तिचा खेळ वयाला साजेसा आहे; साठ-सत्तर शब्द व अधूनमधून येणाऱ्या दोन शब्दांच्या जोड्या मात्र अपेक्षित मर्यादेच्या खालच्या टोकाला आहेत. पुढच्या काही महिन्यांत दोन शब्दांच्या जोड्या रोजच्या होणे, त्यात क्रियापदे वाढणे आणि खेळात दोन-तीन कृती क्रमाने येणे अपेक्षित आहे. ती अडीच वर्षांची होईपर्यंत जोड्या अधूनमधूनच राहिल्या, किंवा आता येत असलेले शब्द गळू लागले, तर तिला प्रत्यक्ष तपासणीसाठी घेऊन जावे, आणि जाताना तिची नेहमीची बाहुली आणि कप बरोबर न्यावा. अनोळखी खोलीत ती तुमच्या मांडीवर गप्प बसून राहिली, तरी बाहुली हातात आल्यावर ती काय करते यावरून तपासणाऱ्याला पुष्कळ काही कळेल.